चार विसा आणि सात

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या वडिलांना, अण्णांना, गेटिसबर्ग दाखवायला नेलं होतं. मेरीलँडमधल्या आमच्या घरापासून गाडीनं सव्वा तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, आणि मागच्या सीटवर अण्णा काच खाली करून बसलेले. एसीची हवा त्यांना सोसत नाही. पंच्याहत्तरी गाठलेला माणूस, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते आणि नेऊ तिथं निमूट येत होते, धबधबा असो की मॉल. कशाबद्दलच काही विचारायचे नाहीत. त्या दिवशी मात्र अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या फाटकातच त्यांनी चपला काढल्या. "अण्णा, वाट तापलीय, पाय भाजतील," मी म्हटलं. "भाजू दे," म्हणाले आणि चालू लागले.

तिथली थडगी अर्धवर्तुळात मांडलेली आहेत. राज्यावार विभाग, जमिनीलगत बसवलेल्या दगडी पट्ट्या, त्यांवर नाव आणि रेजिमेंट. विल्यम सॉन्डर्स नावाच्या माणसानं हा आराखडा केला तेव्हा अधिकारी आणि साधा शिपाई असा भेद ठेवला नाही, सगळ्यांना सारखीच जागा दिली. हे सांगितल्यावर अण्णांनी मान हलवली. पुढं गेलो तशी नावं संपली. तिथं संगमरवराचे छोटे चौकोन आहेत आणि त्यांवर नुसता आकडा. ओळख न पटलेले ९७९ जण. अण्णा एका आकड्यापाशी उकिडवे बसले, त्यावर आलेलं वाळकं गवत तळहातानं बाजूला सारलं, आणि वर न बघता विचारलं, "हितं त्या लिंकननं भाषण केलं, तवा ही समदी पुरून झाली व्हती का गं?"

"झाली असतील ना," मी म्हटलं. "त्यासाठीच तर कार्यक्रम होता."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. ती नजर मी ओळखते. लहानपणी उत्तर माहीत नसताना ठोकून द्यायचे, तेव्हा ते असंच बघायचे.

खरं म्हणजे ते भाषण मला पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी मुलाला शाळेत पाठांतराला होतं आणि त्याच्याबरोबर माझंही झालं. या खेपेला एकदा स्वयंपाकघरात त्यानं ते अण्णांना म्हणून दाखवलं. मी पोळ्या लाटत होते आणि एकेक वाक्य मराठीत सांगत होते. पहिल्याच शब्दांना अडले. लिंकन सरळ सत्त्याऐंशी वर्षं म्हणत नाही, तो विसांनी मोजतो. अण्णा म्हणाले, "म्हंजी चार विसा आन् सात. आपली म्हातारी मोजायची तसं." माझी आजी कधी शाळेत गेली नाही. आंबे, शेणी, कोंबडीची अंडी, सगळं ती विसांत मोजायची. तीन विसा न पाच. १८६३ मधून चार विसा आणि सात वजा केले की १७७६ येतं, सगळी माणसं समान जन्माला आली आहेत असं त्या देशानं लिहून ठेवलं ते वर्ष. इतकी वर्षं ते वाक्य मला पुस्तकी वाटत होतं. त्या दिवशी ते आजीच्या तोंडचं वाटलं, ओसरीवर बसून एखाद्या घराण्याची जुनी गोष्ट सांगायला घ्यावी तसं.

अण्णांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. ऑक्टोबरच्या शेवटी ते परत गेले. तिकीट पुढं ढकलू म्हटलं, थँक्सगिव्हिंगची सुट्टी इथंच काढा म्हटलं, पण ऐकलं नाही. नोव्हेंबरात काम आहे म्हणाले. ते गेल्यावर त्यांच्या रिकाम्या खोलीत बसून मी वाचायला घेतलं.

उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्यं यांच्यातली ही लढाई झाली १ ते ३ जुलै १८६३, ऐन उन्हाळ्यात. जेमतेम चोवीसशे वस्तीचं गाव. तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास सैनिक मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. मेलेलेच सात हजारांच्या वर. सैन्यं पुढं निघून गेली आणि गावासाठी मागं उरली ती ही माणसं आणि हजारो मेलेली घोडी. जो जिथं पडला तिथंच वर थोडी माती ओढलेली. पावसानं ती माती वाहून जायची, हात दिसायचे, बूट दिसायचे. गावच्या एव्हरग्रीन स्मशानाची राखण करणारा पीटर थॉर्न लढाईवर दुसरीकडे गेलेला. मागं त्याची बायको एलिझाबेथ, सहा महिन्यांची पोटुशी. तिनं आणि तिच्या म्हाताऱ्या वडिलांनी त्या उन्हात शंभराच्या आसपास जवानांसाठी खड्डे खणले. त्या स्मशानाच्या दाराशी आता तिचा पुतळा आहे, पोटावर हात ठेवलेला आणि सोबत फावडं. आम्ही तो पाहिला होता. अण्णा त्या पुतळ्यापुढं बराच वेळ थांबले होते, ते का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग डेव्हिड विल्स नावाच्या तिथल्याच एका तरुण वकिलानं पुढाकार घेतला. टेकडीवर जागा घेतली, राज्याराज्यांकडून पैसे जमवले, आणि शेतांत, झाडांखाली, कुंपणांच्या कडेला पुरलेले देह उकरून इथं आणायचं ठरलं. निविदा मागवल्या. सगळ्यात कमी बोली एका देहामागं एक डॉलर एकोणसाठ सेंट. प्रत्यक्ष उकरण्याचं बरंचसं काम बेसिल बिग्ज नावाच्या काळ्या शेतकऱ्यानं आपली माणसं घेऊन केलं. लढाईत त्याच्या स्वतःच्या शेतीची नासाडी झाली होती. देखरेखीला सॅम्युअल वीव्हर. प्रत्येक देह त्याच्या डोळ्यांदेखत वर यायचा. मग तो लोखंडी आकड्यानं खिसे तपासायचा, कपड्याचं सूत, आतला सदरा, बुटाची घडण बघायचा, नावाची एखादी चिठ्ठी मिळते का ते शोधायचा. उत्तरेचा आहे ना, याचीही खात्री करायची होती, कारण दक्षिणेच्या सैनिकांना इथं जागा नव्हती. हे काम सुरू झालं ऑक्टोबरच्या अखेरीस आणि संपलं पुढच्या वर्षी मार्चमध्ये. साडेतीन हजारांहून जास्त देह.

भाषण झालं १९ नोव्हेंबरला.

म्हणजे निम्मीसुद्धा माणसं पुरून झाली नव्हती. पंधरा हजारांची गर्दी जमली, बँड वाजले, आणि गावाभोवतीच्या शेतांमध्ये उरलेले अजून त्या उथळ मातीखाली वाट बघत होते. हे कळल्यावर मी ते भाषण पुन्हा काढलं आणि ते वेगळंच वाटायला लागलं. समारंभाचे मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट. त्यांना तयारीला वेळ हवा म्हणून तारीखही महिनाभर पुढं गेली होती. ते दोन तास बोलले, आणि चांगलं बोलले. लिंकनला विल्सच्या पत्रातून बोलावणं होतं ते समयोचित चार शब्दांसाठी. घरी धाकटा मुलगा टॅड आजारी होता. मधला विली आदल्या वर्षी फेब्रुवारीत गेला होता. त्याच्या दुःखाची काळी पट्टी त्या दिवशीही बापाच्या उंच हॅटला होती. तो उठला, अडीच-पावणेतीनशे शब्द बोलला, आणि खाली बसला. टाळ्या पडल्या की लोक गप्पच राहिले, यावर तिथं हजर असलेल्यांच्या आठवणीसुद्धा जुळत नाहीत. दुसऱ्याच दिवशी एव्हरेटनं त्याला लिहिलं की या प्रसंगाच्या गाभ्याशी तुम्ही दोन मिनिटांत पोचलात, तितका मी दोन तासांत पोचलो असेन तर मला आनंद होईल.

त्या भाषणात एकाही सैनिकाचं नाव नाही. सेनापतीचं नाही. गेटिसबर्गचं नाही. शत्रू हा शब्द नाही, उत्तर-दक्षिण नाही, जिंकलो-हरलो नाही. 'मी' तर कुठंच नाही, जिकडे तिकडे 'आपण'. ही जमीन आपण पावन करू शकत नाही, इथं झुंजलेल्या शूरांनी, जिवंत आणि मृत, ती आधीच केली आहे, त्यात भर घालायची किंवा उणं करायची ताकद आपल्यात नाही, असं तो म्हणतो. हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. घोडखिंडीची पावनखिंड कुणी भाषण करून केली नव्हती. 'शूरांनी' म्हणताना तो 'आमच्या' हा शब्द घालत नाही, इथं मी दरवेळी थांबते. समोरच्या जमिनीत दोन्ही बाजूंची माणसं होती. जे राष्ट्र जगावं म्हणून मेले त्यांची आठवण तो अगदी स्पष्ट काढतो, पण दुसऱ्यांसाठी एक कडवट शब्द उच्चारत नाही. भाऊ भावावर उठला असताना, चार महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगली होऊन माणसं मेली असताना, एवढं जपून बोलणं मला थोर वाटतं.

आणि मग ते वाक्य. खरं तर आपण जे जिवंत आहोत त्यांनीच स्वतःला इथं वाहून घ्यायचं आहे, त्या अपुऱ्या राहिलेल्या कामाला. मी ते नेहमी मोठ्या अर्थानं वाचत आले होते, लोकशाही, स्वातंत्र्य वगैरे. तो अर्थ आहेच. पण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी येताना वाटेत अर्धवट खणलेली जमीन पाहिली असणार. अपुरं काम त्यांच्या डोळ्यांपुढं होतं.

अण्णांनी नेमकं तेच विचारलं होतं. त्यांना ते सुचलं, कारण त्यांनी भाषणं दुसऱ्या बाजूनं ऐकली आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्वेच्या आघाडीवर, जमालपूरच्या लढाईत, शेजारच्या वाडीतला त्यांचा दोस्त गेला. एकाच दिवशी भरती झालेले दोघं. तेव्हा देह घरी येत नसत. तिकडंच अग्नी दिला. घरी आली तार आणि नंतर काळी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण. त्याची बायको, म्हणजे वहिनी, तेव्हा एकोणीस वर्षांच्या. लग्नाला दीड वर्ष झालेलं. आईनं मला सांगितलेली ही गोष्ट आहे, अण्णांनी कधी सांगितली नाही. वाडीत शोकसभा झाली, जीप आल्या, शाळेच्या पटांगणात मांडव घातला. वहिनींना स्टेजवर खुर्चीत बसवलं होतं. आयुष्यात त्या पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या होत्या, पाय टेकत नव्हते, आणि पदर दातांत धरलेला. वक्ते तासभर बोलले. आई म्हणायची, बोलले मनापासून, रडत होते बोलताना. मला ते खोटं वाटत नाही. पण मांडव उतरला, जीप गेल्या, आणि त्याच दुपारी वहिनींना ट्रंकेची किल्ली सापडेना. कुलूप कुणी फोडायचं, यावर घरात भांडण झालं. दोन महिन्यांनी अण्णा रजेवर आले तोवर ती ट्रंक तशीच बंद होती. अण्णांनी ती उघडली. आत काय होतं हे आईलासुद्धा त्यांनी सांगितलेलं नाही.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक दगड आहे. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात असे दगड गावोगाव सापडतात. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यातले इतके कामी आले. दोन आकडे, नावं नाहीत. लहानपणी आम्ही त्या आकड्यांच्या खाचांत बोटं घालून खेळायचो. चुन्याचा गार खरखरीतपणा बोटाला लागायचा. गेटिसबर्गच्या त्या चौकोनावरचं गवत अण्णांनी सारलं तेव्हा त्यांचा हात त्याच सवयीनं गेला असावा, असं मला आता वाटतं.

त्या ९७९ मध्ये आणखी एकाची भर पडणार होती, पण पडली नाही. न्यूयॉर्क राज्याच्या १५४व्या रेजिमेंटचा एक सार्जंट गावात मरून पडला होता. अंगावर नाव नाही, नंबर नाही. हातात काचेवरचा एक फोटो, तीन मुलांचा. मरताना तो त्याच फोटोकडे बघत होता, एवढंच कळत होतं. वर्तमानपत्रांत तेव्हा फोटो छापता येत नसे, म्हणून फिलाडेल्फियाच्या एका पत्रानं ऑक्टोबरमध्ये त्या फोटोचं वर्णन छापलं: तीन मुलं, त्यांची साधारण वयं, आणि मोठ्या मुलाचा सदरा व मुलीचा झगा एकाच कापडाचा. त्या एका तपशिलापाशी मला रडू आलं. आमच्याकडे दिवाळीला असंच असायचं, एका ताग्यातलं कापड, भावाला शर्ट आणि उरलेल्यात मला फ्रॉक. फिलिंडा ह्युमिस्टन नावाच्या बाईपर्यंत ते वर्णन पोचलं आणि तिनं ओळखलं. तो फोटो तिनंच नवऱ्याला लढाईवर धाडला होता. ही ओळख पटली नोव्हेंबरमध्ये, भाषणाच्याच सुमारास. एमोस ह्युमिस्टनला आज त्या अर्धवर्तुळात नावानिशी जागा आहे. कुणीतरी कापडाकडे नीट पाहिलं म्हणून.

हे सगळं वाचताना त्या भाषणाबद्दल माझ्या मनात नुसती भक्तीच राहिली असं नाही. अपुरं काम म्हणजे लढाई चालू ठेवणं, हाही त्या शब्दांचा अर्थ होता, आणि कदाचित पहिला अर्थ तोच. युद्ध पुढं एप्रिल १८६५ पर्यंत चाललं. एकूण सहा लाखांहून जास्त सैनिक त्यात गेले. मेलेल्यांची शपथ घालून जिवंतांना पुन्हा रणात धाडणं, हे जगातला प्रत्येक युद्धनेता करत आला आहे, भल्या कामासाठी आणि बुऱ्याही. सैनिकाची मुलगी म्हणून मला त्याची भीती वाटते. इथं ज्या कारणासाठी ते मागितलं गेलं ते कारण खरं होतं, हे मी मानते. तरीही भीती जात नाही.

आणि बेसिल बिग्ज. ज्यानं ते देह बाहेर काढले तो स्वतः त्या टेकडीवर नाही. गावातल्या काळ्या लोकांसाठी वेगळी दफनभूमी होती, तिथं तो आहे, आणि उत्तरेच्या बाजूनं लढलेले काळे सैनिकही तिथं आहेत. स्वातंत्र्याचा नवा जन्म, असं लिंकन म्हणाला. गुलामगिरी हा शब्द मात्र त्यानं उच्चारला नाही. तो शब्द त्याच युद्धाच्या संदर्भात आपल्या पुण्यात एका माणसानं मोठ्यानं उच्चारला, बरोबर दहा वर्षांनी. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्यांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष, स्वार्थत्यागी वृत्तीबद्दल. माझ्या देशबांधवांनी आपल्या शूद्र बंधूंना सोडवताना हा कित्ता गिरवावा, असंही लिहिलं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्याच जिल्ह्यातलं. हे युद्ध कशासाठी झालं याचा इतका स्वच्छ अर्थ त्यांनी इतक्या लांबून लावला, आणि लगेच विचारलं की आपल्याकडचं काम कधी करायचं. अर्पणपत्रिकेचं ते पान मी पूर्वीही वाचलं होतं. आता ते त्या टेकडीवरच्या भाषणाला पुण्याहून आलेलं उत्तर वाटतं.

दक्षिणेच्या मेलेल्यांचं पुढं काय झालं, तेही पाहिलं. आठ-दहा वर्षं ते शेतांतच राहिले. मग दक्षिणेतल्या बायकांनी मंडळं काढून पैसे गोळा केले आणि तीन हजारांहून जास्त अवशेष आपल्याकडे नेले. ते शोधून काढून, पेट्यांत भरून पाठवण्याचं काम केलं सॅम्युअल वीव्हरच्या मुलानं, रूफसनं. बापाजवळ होती ती सगळी माहिती मुलाला उपयोगी पडली. तो उत्तरेचाच माणूस. त्याचे पैसे कधीच पुरते मिळाले नाहीत, तरी त्यानं काम पुरं केलं. 'शूरांनी' या शब्दाआधी 'आमच्या' न लावण्याचा अर्थ या माणसाला कळला होता, असं मला वाटतं.

१९ नोव्हेंबरच्या रात्री मी अण्णांना फोन लावला. तिकडं वीस तारखेची पहाट. मागं कोंबडा, बंबाचा धूर काढणारी खोकलणारी शेजारीण, आणि अण्णांचा तयारीचा आवाज.

"अण्णा, नव्हती झाली."

"काय?"

"पुरून. भाषण झालं तेव्हा निम्मीसुद्धा झाली नव्हती. मार्चपर्यंत चाललं होतं."

थोडा वेळ काहीच नाही. मग चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"आन् काय म्हनला व्हता त्यो? काम अपुरं हाय, असंच ना?"

"हो."

"मंग बराबर बोलला."

मी अजून काही सांगणार होते, ह्युमिस्टनचं, फोटोचं. पण अण्णांना घाई होती. नोव्हेंबर आहे, वहिनींचा हयातीचा दाखला द्यायचाय, त्यांना घेऊन सातच्या एसटीनं साताऱ्याला निघायचंय. गेल्या वर्षी मशीनवर अंगठाच उठेना. पन्नास-पंचावन्न वर्षं शेणामातीत आणि भांड्यांच्या राखेत घासून रेषा पार गेल्यात. ओल्या फडक्यानं पुसून पुसून लावला, तेव्हा कुठं सातव्या खेपेला मशीननं त्यांना जिवंत धरलं. "आवंदा व्हॅसलीन घेतलंय संगं," अण्णा म्हणाले. "न्हाई उठला तर दुपारपातूर बसू तितंच. ठेव आता, त्या फाट्यावर येऊन हुब्या असत्याल."